निखारा, ज्योत आणि जाळी

पापड भाजण्याची तारेची जाळी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी असते. ती बर्नरवर ठेवली की पापड, वांगे, मक्याचे कणीस भाजता येते. ती काढून तवा ठेवला की पोळी होते. ज्योत तीच राहते. तिच्यावर ठेवलेली वस्तू बदलली की उष्णता पदार्थापर्यंत पोहोचण्याची वाट बदलते. तरीही घरातली जुनी मंडळी एक तक्रार करतातच. चुलीतल्या निखाऱ्यावर भाजलेल्या वांग्याची सर गॅसवरच्या वांग्याला येत नाही, असे त्यांचे म्हणणे असते. ही तक्रार केवळ गतकाळाच्या आठवणीतून आलेली नाही. तिच्यामागे पदार्थविज्ञान आहे, आणि ती दूर करण्यासाठी अमेरिकेतील अभियंत्यांनी गेली साठ-पासष्ट वर्षे खर्ची घातली आहेत. या खटपटीचा विषय म्हणजे अंगणात ठेवायची गॅसची भाजणी-शेगडी, अर्थात गॅस ग्रिल.

ग्रिल म्हणजे झाकण असलेली एक लोखंडी पेटी. तळाशी नळीच्या आकाराचे दोन-तीन बर्नर, त्यांच्यावर एखादा उष्णता पसरवणारा थर, त्यावर जाळी, आणि बाजूला प्रोपेनचा सिलिंडर. आजकाल ग्रिलपेक्षा ग्रिलच्या जोडसामानाचीच जाहिरात अधिक दिसते. बिडाची जाळी, सपाट तवा, पिझ्झा भाजण्याचा दगड, खोलगट कढई, फिरती सळई, धुरासाठी लाकडाच्या ढलप्या ठेवायची डबी. एक काढा, दुसरे बसवा, आणि जुना ग्रिल नवा करा! यातले विज्ञान किती आणि विक्रेत्याची वाणी किती, हे ओळखायचे तर थोडे मागे जावे लागते.

किती मागे? निदान रम्फोर्डपर्यंत. तोफांची नळी कोरताना निर्माण होणाऱ्या उष्णतेवर १७९८ साली निबंध वाचणारा काउंट रम्फोर्ड आपल्याला पाठ्यपुस्तकातून माहीत असतो. उष्णता हा पदार्थ नाही, असे त्याने त्यात मांडले होते. पण हाच माणूस स्वयंपाकघराच्या रचनेतही तितकाच रमला होता. मूळचा मॅसॅच्युसेट्सचा, नाव बेंजामिन टॉम्प्सन. बव्हेरियाच्या सेवेत असताना म्यूनिकमध्ये गरिबांसाठी काढलेल्या कार्यशाळेत शेकडो माणसांचे जेवण शिजवण्याची जबाबदारी त्याच्यावर आली. त्या काळी युरोपात उघड्या भट्टीसमोर मांस भाजत आणि तिच्यावरच भांडी टांगत. बहुतेक उष्णता धुराड्यातून आकाशात जाई. रम्फोर्डने विटांचा ओटा बांधला, त्यात प्रत्येक भांड्यासाठी वेगळी छोटी भट्टी ठेवली, हवा कमी-जास्त करण्यासाठी झडपा बसवल्या, आणि वर गोल खाचा ठेवल्या. ज्या मापाची खाच, त्या मापाचे भांडे तिच्यात अर्धेअधिक बुडून बसे. दोनशे वर्षांनंतर ग्रिल बनवणाऱ्या एका मोठ्या अमेरिकन कंपनीने जाळीच्या मधोमध सुमारे फूटभर व्यासाचा गोल भाग सुटा केला. तो उचलायचा आणि त्या जागी कढई, तवा किंवा दगड बसवायचा. जाहिरातीत ही कल्पना नवी म्हणून आली. रम्फोर्डने ती पाहिली असती तर त्याला आपला ओटा नक्कीच आठवला असता.

रम्फोर्डजवळ गॅस नव्हता. कोळसा तापवून मिळणारा वायू १७९२ च्या सुमारास विल्यम मर्डॉकने इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यातील आपल्या घरी दिव्यासाठी वापरला. १८१२ मध्ये लंडनमध्ये गॅस पुरवणारी पहिली कंपनी स्थापन झाली. आपल्याकडे मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे १८६५ साली लागले. म्हणजे गॅस आला तो उजेडासाठी. त्यावर स्वयंपाक करावा हे लोकांना पटायला फार वेळ लागला. नॉर्दम्प्टनच्या गॅस कंपनीतील अधिकारी जेम्स शार्प यांनी १८२६ साली आपल्या घरी गॅसची चूल बसवली आणि दहा वर्षांनी अशा चुलींचा कारखाना काढला. १८४१ मध्ये लंडनच्या रिफॉर्म क्लबच्या नव्या स्वयंपाकघरात आलेक्सी सोये या प्रसिद्ध आचाऱ्याने गॅसच्या शेगड्या बसवल्या. लोक ते पाहायला जात, पण घरी आणायला कचरत. गॅसवर शिजवलेल्या अन्नाला गॅसचा वास लागतो, असा समज होता. हा समज अगदीच खोटा म्हणता येणार नाही. दिव्याची ज्योत मुद्दाम पिवळी ठेवलेली असे, कारण तिच्यातले काजळीचे तापलेले कणच उजेड देतात. अशा ज्योतीवर भांडे ठेवले तर तळ काळा होणारच.

ही अडचण सुटली ती प्रयोगशाळेत. रॉबर्ट बुन्सेन १८५२ मध्ये हायडेलबर्गला आले. त्यांची नवी प्रयोगशाळा १८५५ मध्ये उभी राहिली आणि तिथे शहरातला गॅस खेळवला होता. ज्योतीचा स्वतःचा रंग नसावा, म्हणजे तिच्यात धरलेल्या क्षाराचा रंग स्वच्छ दिसेल, ही त्यांची गरज. त्यांच्या कल्पनेवरून विद्यापीठाचे यंत्रकारागीर पीटर डेसागा यांनी जो बर्नर बनवला, त्यात गॅस जळण्याआधीच हवेत मिसळत असे. बारीक भोकातून वेगाने निघणारा गॅस आजूबाजूची हवा स्वतःच ओढून घेतो. पंखा लागत नाही. आपल्या घरची शेगडी, कॉलेजातला बर्नर आणि अंगणातला ग्रिल, तिघांचाही गाभा हाच आहे.

ज्योत निळी झाली, काजळी गेली. १८८० नंतर विजेचे दिवे आले आणि गॅस कंपन्यांचे धाबे दणाणले. उजेडाचे गिऱ्हाईक हातचे जाणार, मग उष्णतेचे शोधले पाहिजे. त्यांनी शेगड्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, नाणे टाकले की गॅस सोडणारी मीटर बसवली, पाककलेची प्रात्यक्षिके भरवली. गॅसची शेगडी घराघरांत गेली ती शास्त्रज्ञांपेक्षा या स्पर्धेमुळे, असे मला वाटते.

आता अमेरिकेच्या अंगणात जाऊ. तिथे लाकडावर आणि कोळशावर मांस भाजण्याची परंपरा जुनी आहे. १९२० च्या दशकात हेन्री फोर्ड यांच्या कारखान्यात मोटारींच्या लाकडी भागांचा कचरा साचे. त्याचा कोळसा करून दाबलेल्या वड्या विकल्या जाऊ लागल्या. १९५२ साली शिकागोजवळ वेबर ब्रदर्स या धातुकाम कारखान्यातील जॉर्ज स्टीफन यांनी, पाण्यावर तरंगणाऱ्या खुणेच्या पिंपासाठी बनणारा लोखंडी गोल मधोमध कापून त्याची झाकण असलेली शेगडी केली. झाकणामुळे वारा-पावसापासून बचाव झालाच, पण मुख्य म्हणजे आत गरम हवेचे अभिसरण सुरू झाले आणि उघडी शेगडी भट्टीसारखी वागू लागली. मग १९६० च्या सुमारास आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे गॅस कंपनीतले विल्यम वेपफर आणि मेल्टन लँकेस्टर यांनी गॅसवर चालणारा ग्रिल तयार केला. पहिला ग्रिल कोणाचा, याबद्दल इतरांचेही दावे आहेत. हेतू मात्र पुन्हा तोच, गॅसचा खप वाढवणे.

आणि इथेच वांग्याची तक्रार उभी राहिली. एक साधा प्रयोग करून पाहा. घरच्या गॅसच्या निळ्या ज्योतीच्या बाजूला, वर नव्हे, सुमारे अर्ध्या फुटावर तळहात धरा. फारशी धग लागत नाही. आता तेवढ्याच अंतरावर निखाऱ्यांनी भरलेल्या शेगडीच्या बाजूला हात धरा. तो लगेच मागे घ्यावासा वाटेल. निळ्या ज्योतीचे तापमान निखाऱ्यापेक्षा जास्त असूनही असे का? कारण निळी ज्योत म्हणजे जवळजवळ पारदर्शक वायू. तो प्रारण फार थोडे करतो आणि आपली उष्णता वर जाणाऱ्या गरम वायूंबरोबर पाठवतो. निखारा घन आहे, काळा आहे, आणि प्रारणाच्या बाबतीत काळ्या वस्तूची बरोबरी करणारे फार थोडे. श्टेफान यांनी १८७९ मध्ये दाखवलेला आणि बोल्ट्समान यांनी १८८४ मध्ये सिद्ध केलेला नियम सांगतो की प्रारण केवल तापमानाच्या चौथ्या घातानुसार वाढते. ३०० अंश सेल्सिअसचा पृष्ठभाग ६०० अंशांवर नेला, तर केवल तापमान ५७३ वरून ८७३ होते, म्हणजे दीडपटीच्या आसपास. पण प्रारण पाच पटींहून जास्त होते. निखाऱ्यावरचे वांगे या प्रारणाने चटकन करपते, साल सुटते आणि आतला गर स्वतःच्या वाफेत शिजतो. बुन्सेनने ज्योतीतली काजळी घालवली तेव्हा उजेडाबरोबर हे प्रारणही गेले. एका कामासाठी जो गुण, तो दुसऱ्यासाठी दोष ठरला.

तेव्हा गॅसच्या ज्योतीने एखादी घन वस्तू लाल होईपर्यंत तापवायची आणि तिला निखाऱ्याचे काम द्यायचे, हा उपाय ओघानेच आला. सुरुवातीच्या ग्रिलमध्ये बर्नरवर ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडांचा थर पसरत. ते तापत आणि प्रारणही करीत. परंतु दगडांची भोके वितळलेली चरबी शोषून घेत, आणि पुरेशी साठली की ती एकदम पेट घेई. अशा भडक्यातून काजळी येते, आणि तिच्याबरोबर बेन्झोपायरीनसारखी कर्करोगाला कारणीभूत ठरणारी संयुगेही पदार्थावर बसतात. १९८५ च्या सुमारास वेबर कंपनीने दगड काढून टाकले आणि उलट्या व्ही आकाराच्या पोलादी पट्ट्या बसवल्या. उतारावरून बरीचशी चरबी खाली ओघळते. जी थोडी पट्टीवर पडते ती लगेच वाफ होऊन वर जाते आणि खमंगपणा देते. घराच्या छपराची ही युक्ती मला या साऱ्या इतिहासातली सर्वात देखणी वाटते. तिच्यात फिरणारा भाग नाही, सांधा नाही, नुसता एक कोन आहे.

दुसरी वाट होती गॅसला सच्छिद्र चिनीमातीच्या फरशीवरच जाळण्याची. जर्मनीत ग्युंथर श्वांक यांनी असे बर्नर कारखाने उबदार ठेवण्यासाठी विकसित केले. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातील बिल बेस्ट मोटारींचा रंग वाळवण्यासाठी अवरक्त प्रारण देणारे बर्नर बनवत, आणि १९८० च्या दशकात त्यांनी ते ग्रिलमध्ये आणले. त्यांचे पेटंट २००० साली संपले आणि त्यानंतर अनेक कंपन्यांच्या ग्रिलमध्ये एक तरी अवरक्त बर्नर दिसू लागला.

हे लक्षात घेतले की जोडसामानाच्या जाहिराती वाचणे सोपे जाते. प्रत्येक वस्तू वहन, अभिसरण आणि प्रारण यांचे प्रमाण बदलते, एवढेच. जाळीवर तिन्ही असतात. सपाट तवा प्रारण अडवतो आणि सारा भार वहनावर टाकतो. फिरत्या सळईवर वहन जवळजवळ नसतेच. बिडाच्या जाळीबद्दल मात्र एक गैरसमज खोडायला हवा. बीड उष्णता फार चांगली वाहते, असे विक्रेते सांगतात. बिडाची उष्णतावाहकता पन्नासच्या आसपास असते, तर ॲल्युमिनियमची दोनशेहून अधिक आणि तांब्याची सुमारे चारशे (वॉट प्रति मीटर प्रति केल्व्हिन). स्टेनलेस पोलाद मात्र पंधराच्या आसपास, म्हणजे या बाबतीत बिडाहूनही मागे. बिडाची जाळी चांगली ती जाड आणि जड असते म्हणून. थंड पदार्थ ठेवला तरी तिच्यात साठलेली उष्णता लवकर संपत नाही. पिझ्झाच्या दगडाचे नेमके उलटे आहे. तो उष्णता हळू देतो, म्हणून तळ करपण्याआधी वरचा भाग भाजायला वेळ मिळतो. खानदेशात पुरणाचे मांडे उपड्या मातीच्या खापरावर भाजतात, लोखंडी तव्यावर नाही, याचे कारण हेच. आणि तवा पुरेसा तापला का, हे पाण्याचे थेंब नाचवून पाहण्याची आपली घरगुती रीत १७५६ साली लायडेनफ्रॉस्ट यांनी शास्त्रीय ग्रंथात वर्णन केली, हे वर्गात जरूर सांगावे.

धुराच्या डबीबद्दलही दोन शब्द. निळी ज्योत स्वतः कोणताही स्वाद देत नाही. लाकडाच्या धुराचा जो वास आपण ओळखतो तो लाकडातील लिग्निनच्या विघटनातून येणाऱ्या ग्वायकॉलसारख्या संयुगांचा. डबीतल्या ढलप्या हे काम खरोखरच करतात. इथे विक्रेता खरे बोलतो.

आता माझी फजिती. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका विद्यापीठात संशोधन करीत होतो. गाव सोडून जाणाऱ्या एका सहकाऱ्याने त्याचा जुना तीन बर्नरचा ग्रिल मला देऊन टाकला. शेजारच्या वहिनींनी सुचवले की यावर एकदम आठ थालीपिठे होतील असा तवा करा. मला कल्पना आवडली. सहा मिलिमीटर जाडीची पोलादी प्लेट आणली, ती पेटीच्या आतल्या मापाची अगदी बरोबर कापून घेतली, जवसाचे तेल लावून तापवली. जवसाच्या तेलाचे रेणू उष्णतेने आणि ऑक्सिजनने एकमेकांना जोडले जाऊन टणक थर होतो, हे मी सर्वांना ऐकवलेही. प्लेट जाळीच्या जागी फटही न राहता बसली, याचा मला अभिमान वाटला. तिन्ही बर्नर पूर्ण उघडले. चार-पाच मिनिटांनी ज्योत पिवळी झाली आणि पुढच्या बाजूने, बटणांच्या फटीतून, बाहेर आली. एक बटण वितळून खाली ओघळले. गॅसची रबरी नळी तिथून वीतभर अंतरावर होती. वहिनी माझ्यापेक्षा चपळ. त्यांनी वाकून सिलिंडरची तोटी बंद केली.

त्या रात्री मी जो हिशेब केला तो आधी करायला हवा होता. त्या ग्रिलची क्षमता ताशी ४०,००० बीटीयू, म्हणजे पावणेबारा किलोवॅट. प्रोपेनच्या एका रेणूला जळण्यासाठी ऑक्सिजनचे पाच रेणू लागतात. हवेत ऑक्सिजन सुमारे २१ टक्के, म्हणून प्रोपेनच्या एका घनफळाला हवेची जवळपास २४ घनफळे हवीत. पावणेबारा किलोवॅटसाठी ताशी पाऊण किलोहून थोडा अधिक प्रोपेन जळतो, आणि त्यासाठी दर सेकंदाला किमान तीन लिटर हवा लागते. जळून निघालेले वायू तापल्यामुळे फुगतात. ते ३०० अंशांवर असले तरी दर सेकंदाला सहा लिटरहून अधिक होतात. त्यांची बाहेर जायची वाट जाळीतून वर आणि झाकणाच्या मागच्या फटीतून. मी ती वाट पोलादाने बंद केली होती. वायू बाहेर जात नाहीत म्हणून ताजी हवा आत येत नाही, ज्वलन अपुरे होते, कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि उरलेली ज्योत मिळेल त्या फटीतून ऑक्सिजन शोधत बाहेर पडते. रम्फोर्डने आपल्या ओट्यात भांडे खाचेत घट्ट बसवले, पण धुरासाठी वेगळा मार्ग ठेवला होता. मी त्याची खाच घेतली आणि मार्ग विसरलो.

प्लेट नंतर चारी बाजूंनी चार-चार बोटे कापून घेतली. त्यावर थालीपिठे सहाच मावत, पण ज्योत निळी राही.

सुट्या भागांच्या या खेळात सर्वात लहान सुटा भाग मात्र ग्राहकाने स्वतः कधीच बदलू नये. तो म्हणजे गॅस सोडणारे बारीक भोक, जेट. प्रोपेनचा ग्रिल नळाच्या नैसर्गिक वायूवर चालवायचा तर फक्त नळी जोडून भागत नाही. तेवढ्याच घनफळाचा मिथेन प्रोपेनच्या निम्म्याहून कमी उष्णता देतो, तो हलका असल्यामुळे भोकातून जास्त वेगाने जातो, आणि दाबही वेगळा असतो. सगळ्याचा मेळ घालूनच भोकाचे माप ठरते. उलट चूक, म्हणजे नैसर्गिक वायूच्या मोठ्या भोकातून प्रोपेन सोडणे, ही तर फार धोक्याची. ज्योत पिवळी होऊन कितीतरी मोठी होते. शिवाय प्रोपेन हवेच्या दीडपट जड. झाकण मिटलेले असताना गळला तर पेटीत साचून राहतो, म्हणून ग्रिल नेहमी झाकण उघडूनच पेटवतात. ज्वलनशील वायूंच्या अनेक सिलिंडरांचे आटे उलटे, म्हणजे डावीकडे फिरवून घट्ट होणारे असतात, तेही चुकीची जोडणी होऊ नये यासाठीच.

मुंबई-पुण्यात आता अनेक घरी सिलिंडर जाऊन नळाचा गॅस येतो आहे. जोडणी करायला येणारा कारागीर शेगडी उलटी करून जेट बदलतो. काढलेला जुना जेट त्याच्याकडून मागून घ्यावा आणि शक्य असेल तर नव्या मापाचा एक नमुनाही पाहून घ्यावा. वर्गात दोन्हींच्या भोकांत वेगवेगळ्या जाडीच्या तारा घालून व्यास मोजता येतो. सिलिंडरचा दाब सुमारे ३० सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाएवढा आणि नळाचा सुमारे २१ सेंटिमीटर धरला, तर नव्या भोकाचे क्षेत्रफळ जुन्याच्या जवळपास दुप्पट असायला हवे. तसे येते का ते मुलांनाच मोजू द्यावे.